मोटरसायकलींतील क्लच व शक्तिप्रेषण : इतिहास व दोषनिदान

मोटरसायकलीच्या एंजिनात निर्माण झालेली शक्ती मागील चाकापर्यंत पोहोचविणाऱ्या भागांच्या समूहास शक्तिप्रेषण यंत्रणा म्हणतात. प्राथमिक साखळी, क्लच, गिअरपेटी, मागील साखळी आणि चाकाच्या तुंब्यातील धक्काशोषक हे तिचे प्रमुख भाग होत. एंजिन व गिअरपेटी ही स्वतंत्र असलेल्या जुन्या ब्रिटिश धर्तीच्या मोटरसायकलींतील ही यंत्रणा कशी घडत गेली व तिच्यातील दोष कसे ओळखले जातात, याचा विचार या नोंदीत केला आहे. भारतात या धर्तीचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे मद्रासजवळील तिरुवोट्टियूर येथे पूर्वी तयार होत असलेली ३४६ घ. सेंमी. एंजिनाची बुलेट ही होय. म्हणून उदाहरणे मुख्यतः तिचीच घेतली आहेत. [→ मोटरसायकल].

या यंत्रणेचे एक वैशिष्ट्य असे की, दोष ज्या भागात असतो त्याच भागात तो जाणवतो असे नाही. क्लच पूर्ण सुटत नसेल तर चालकाला गिअर खराब झाल्यासारखा वाटतो. चाकातील रबर झिजले तर साखळी ढिली असावी असा भास होतो. यामुळे चांगल्या स्थितीतील घर्षण पट्टिका आणि दंतचक्रे निष्कारण बदलली जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. हे टाळावयाचे तर शक्तीचा मार्ग ठाऊक असावा लागतो, आणि तो मार्ग तसाच का आखला गेला हे यंत्रणेच्या इतिहासावरून कळते.

इतिहास : आरंभीच्या मोटरसायकलींना क्लच नव्हता. १८९४ मधील हिल्डेब्रांट व वोल्फम्यूलर यांच्या जर्मन वाहनात तर एंजिनाचे संयोगदांडे थेट मागील चाकालाच जोडलेले होते; चाक फिरले की एंजिन फिरलेच पाहिजे आणि चाक थांबले की एंजिनही थांबलेच. पुढे चामड्याचा पट्टा रूढ झाला. पट्ट्यामुळे धक्के सौम्य होत, परंतु पावसात तो घसरे व चढावर ताण सोडी. चालकाला वाहन ढकलत धावावे लागे व एंजिन पेटताच उडी मारून बसावे लागे. रहदारीत थांबणे म्हणजे एंजिन बंद करणे, असाच त्या काळचा नियम होता. पट्ट्याला पर्याय ठरू शकणारी साखळी फार आधीच उपलब्ध होती, कारण हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टर येथे रूळसाखळी १८८० मध्येच सिद्ध केली होती. तथापि साखळी अजिबात घसरत नाही आणि एंजिनाचा प्रत्येक ठोका चाकापर्यंत जसाच्या तसा पोहोचविते. म्हणून साखळीबरोबर हेतुपुरस्सर घसरू शकणारे असे काही तरी, म्हणजेच क्लच, अपरिहार्य झाले. क्लचचे काम केवळ जोडणे व तोडणे नव्हे. पट्टा जी मवाळी आपसूक देत होता, ती चालकाच्या हाती देणे हे त्याचे मूळ प्रयोजन होय.

या बाबतीत १९११ साल निर्णायक ठरले. त्या वर्षी आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यत स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या लांब मार्गावर घेण्यात आली. एकच वेग असलेल्या पट्ट्याच्या गाड्या त्या चढावर निकामी ठरणार हे उघड होते. वरिष्ठ गटात पहिले तिन्ही क्रमांक ‘इंडियन’ या अमेरिकन बनावटीच्या गाड्यांनी पटकाविले (नावाखेरीज तिचा भारताशी संबंध नाही); त्यांना साखळी, क्लच व दोन वेगांची गिअरपेटी होती. तरीही पट्टा एकदम नाहीसा झाला नाही. १९१५ मध्ये निघालेल्या व पहिल्या महायुद्धात मोठ्या संख्येने वापरल्या गेलेल्या ट्रायम्फच्या ‘एच’ नमुन्यात एंजिनापासून गिअरपेटीपर्यंत साखळी व तेथून चाकापर्यंत पट्टा अशी मिश्र योजना होती. धक्क्यांवर वेगळा उपाय रॉयल एन्फील्ड या रेडिच येथील कंपनीने पहिल्या महायुद्धापूर्वीच शोधला होता. मागील चाकाच्या तुंब्यात रबराचे ठोकळे बसवून साखळीचक्राचा पीळ त्यांच्यामार्फत चाकाला देण्याची ही युक्ती होती. पुढे बुलेटमध्ये आली ती हीच.

दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटिश धर्ती स्थिरावली. एंजिन एका कारखान्याचे, तर गिअरपेटी स्टर्मी-आर्चर, बर्मन किंवा ॲल्बियन अशा स्वतंत्र गिअरपेटी-कारखान्याची, अशी त्या उद्योगाची घडी होती. एंजिन, क्लच व गिअरपेटी वेगवेगळ्या पेट्यांत राहण्याचे हे एक मोठे कारण होय. बहुतेक गाड्यांत गिअरपेटी पुढेमागे सरकवून प्राथमिक साखळीचा ताण साधत असत. गिअर पूर्वी टाकीशेजारील दांड्याने हाताने बदलत. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व्हेलोसेट कंपनीच्या हॅरल्ड विलिस यांनी प्रत्येक दाबाला नेमका एकच गिअर बदलून पुन्हा मधोमध येणारी पायपट्टी तयार केली. काही वर्षांतच ती सर्वमान्य झाली. ब्रिटनमध्ये ही पट्टी साधारणतः उजव्या पायाशी असे. १९७४ पासून अमेरिकेतील सुरक्षा नियमांनी ती डाव्या पायाशी असणे बंधनकारक केले व जगातील बहुतेक कारखान्यांनी तेच स्वीकारले. भारतातील चार वेगांची बुलेट मात्र उजव्या पायाचा गिअर पुढेही दीर्घकाळ बाळगून राहिली.

मद्रासमध्ये एन्फील्ड इंडियाची स्थापना १९५५ मध्ये झाली. प्रारंभी इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडून व नंतर येथेच घडवून बुलेट तयार होऊ लागली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला व १९७० मध्ये कंपनीचे इंग्लंडमधील उत्पादनही संपले. परंतु तिरुवोट्टियूर येथे १९५० च्या सुमाराची रचना चालूच राहिली. दोषनिदानाचे जे शास्त्र इंग्लंडमध्ये केवळ छांदिष्टांच्या हाती उरले, ते त्यामुळे भारतात रोजच्या व्यवसायाचा भाग म्हणून कित्येक दशके टिकले. यात रस्त्याकडेच्या कारागिरांचा वाटा मोठा आहे. पेचकसाचे टोक पेटीवर व मूठ कानाच्या हाडावर टेकवून आवाजाची जागा शोधण्याची त्यांची रीत डॉक्टरच्या नळीइतकीच विश्वसनीय आहे.

रचना : बुलेटच्या डाव्या अंगास, एका मध्यवर्ती नटाने धरलेल्या झाकणाखाली, प्राथमिक साखळी व क्लच असतात. भुजादंडावरील साखळीचक्राला २५ व क्लचवरील चक्राला ५६ दाते असल्याने एंजिनाचे २.२४ फेरे होतात तेव्हा क्लचचा एक होतो. क्लच एंजिनापेक्षा सावकाश फिरतो, पण त्याच प्रमाणात अधिक पीळ पेलतो. एकाऐवजी अनेक पट्टिका लागतात त्या याचसाठी. घर्षण पट्टिका बाहेरच्या पिंपात व साध्या पोलादी पट्टिका आतल्या तुंब्यावर, एकाआड एक अशा अडकविलेल्या असून स्प्रिंगांच्या जोरावर दाबपट्टिका त्या सर्वांना एकत्र आवळून धरते. हातातील दांडी ओढली की तार ताणली जाते व गिअरपेटीच्या पोकळ मुख्य दंडातून आरपार जाणारी ढकलदांडी दाबपट्टिकेला बाहेर लोटते.

गिअरपेटीची मांडणी निदानाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. मुख्य दंड व बाहेर जाणारे पोकळ दंतचक्र एकाच अक्षावर असतात. खालच्या तीन गिअरांत शक्ती मुख्य दंडाकडून उपदंडाकडे व तेथून परत पोकळ दंतचक्राकडे येते. चौथ्या गिअरमध्ये मात्र ती सरळ जाते व उपदंड बिनओझ्याचा फिरतो. तसेच, किक मारली असता शक्ती उलट दिशेने जाते : किकच्या दात्यांकडून गिअरपेटीत, तेथून क्लचमध्ये, मग प्राथमिक साखळीवरून एंजिनाकडे. किकचा पाय हे म्हणूनच क्लच तपासण्याचे सर्वांत जुने उपकरण ठरते.

दोषनिदान : क्लच घसरणे हा सर्वांत वारंवार आढळणारा दोष होय. तो पाहावयाचा तर चौथ्या गिअरमध्ये, बोरघाटासारख्या चढावर. मूठ उघडताच एंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही. पहिल्या गिअरमध्ये हाच क्लच निर्दोष वाटू शकतो, कारण तेथे त्याच्यावर ओझे कमी असते. किक मारताना पाय सुळकन खाली जातो व एंजिन फिरत नाही, हे दुसरे लक्षण. परंतु किकचे दाते झिजले असले तरी असेच घडते. तेव्हा दोहोंतील भेद करण्यासाठी एंजिन बंद ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्ये घालावी, मागचा ब्रेक घट्ट धरावा व किक पायाने बेताने दाबावी. या स्थितीत चाकापासून मुख्य दंडापर्यंत सर्व काही जखडलेले असते. तरीही किक खाली सरकली तर दोष तिच्या दात्यांत आहे. ती घट्ट राहिली व न्यूट्रलमध्ये मात्र सुळकन जात असेल तर क्लच घसरत आहे. क्लचची घसरण एकसारखी व मऊ असते, दात्यांची तुटक व करकरती असते, हा फरक सरावलेल्या पायाला आणखी सहज कळतो.

घसरण आढळली की लगेच पट्टिका काढण्याची घाई करू नये. पहिला संशय तारेवर घ्यावा. हातातील दांडीला सु. २ ते ३ मिमी. मोकळी चाल असलीच पाहिजे. ती नसेल तर ढकलदांडी दाबपट्टिकेला सतत किंचित लोटत राहते. क्लच घसरतो, शिवाय दांडीचे टोक घर्षणाने तापून निळे व मऊ पडते. मऊ टोक झिजून दांडी आखूड झाली की चाल उलट फार वाढते व क्लच सुटेनासा होतो. एकाच चुकीच्या जुळणीतून अशी दोन परस्परविरुद्ध लक्षणे, काही आठवड्यांच्या अंतराने, उद्भवू शकतात. वरवर पाहणाऱ्यास ते दोन वेगळे बिघाड वाटतात. तारेनंतर प्राथमिक पेटीतील तेल पाहावे. पेटीचे तेल एंजिनाहून स्वतंत्र असते. ते आपोआप वाढत असल्याचे आढळले तर एंजिनाचे तेल भुजादंडालगतच्या सीलमधून पाझरत आहे असे समजावे. त्यानंतर स्प्रिंगा व सर्वांत शेवटी पट्टिका. जुन्या ब्रिटिश क्लचमध्ये पट्टिकांच्या भोकांत बुचाचे तुकडे बसवीत. बूच तेलात उत्तम चालते, पण तापले की जळते. पुढे त्याची जागा ॲस्बेस्टसयुक्त घर्षणद्रव्याने घेतली. जुन्या साठ्यातील अशा पट्टिका अजूनही आढळतात. त्यांची धूळ हवेच्या झोताने किंवा तोंडाने फुंकू नये व कोरडी घासू नये. ती फुप्फुसांना घातक आहे आणि कारागीरवर्गात याची जाणीव फारच उशिरा आली.

क्लच पूर्ण न सुटणे हा उलट दोष. दांडी ओढलेली असतानाही गाडी पुढे सरकू पाहते, पहिला गिअर खडकन पडतो, आणि थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही. चालक गिअरपेटीला बोल लावतो. ती बहुधा निर्दोष असते. बुलेटच्या ॲल्बियन गिअरपेटीला टाचेने दाबावयाचा न्यूट्रलचा स्वतंत्र खटका होता. पहिला सोडून इतर कोणत्याही गिअरमधून तो थेट न्यूट्रलमध्ये नेई. हा खटका सोयीसाठी दिला असला, तरी न्यूट्रल शोधण्याची अडचण त्या काळी किती सार्वत्रिक होती याचा तो पुरावाच म्हणावा लागेल. रात्रभर उभ्या गाडीत दाट तेलाने पट्टिका चिकटणे साहजिक आहे. त्यासाठी सकाळी क्लच ओढून दोनतीन वेळा किक फिरवून त्या सुट्या करण्याचा जुना प्रघात योग्यच आहे. गाडी तापल्यावरही दोष राहिला तर झाकण काढावे, क्लच ओढून धरावा व किक हळू फिरवीत दाबपट्टिका पाहावी. ती एका बाजूने अधिक उचलली जात असेल तर स्प्रिंगांचा ताण असमान आहे. स्क्रू कमीजास्त करून ती सरळ आणता येते. ती सरळ उचलली जाऊनही क्लच सुटत नसेल तर पट्टिका वाकलेल्या असतात, किंवा त्यांच्या कानांनी पिंपाच्या खाचांत खड्डे पाडलेले असतात. नव्या पट्टिका अशा खड्ड्यांच्या पिंपात घातल्यास दोष जसाच्या तसा परत येतो; कानसीने खाचा सरळ केल्या तर जुन्या पट्टिकाही चालतात.

धक्के व खडखडाट यांसाठी रस्त्यावर जाण्याचीही गरज नसते. गाडी मुख्य स्टँडवर उभी करून चौथ्या गिअरमध्ये घालावी व मागील चाक हाताने पुढेमागे हलवावे. चाकाची चाल टप्प्याटप्प्याने संपत जाते आणि प्रत्येक टप्पा डोळ्यांना दिसतो. प्रथम चाक हलते पण साखळीचक्र स्थिर राहते : ही तुंब्यातील रबराची चाल. मग चक्र हलते व साखळीचा एक पदर ताणला जातो : हा साखळीचा ढिलेपणा. त्यानंतर पुढचे साखळीचक्र हलते, पण एंजिन फिरत नाही : ही गिअरच्या खुंटांची, क्लचच्या खाचांची व प्राथमिक साखळीची मिळून चाल. शेवटी सिलिंडरातील संपीडनाचा विरोध लागतो. कोणत्या टप्प्याला चाल अधिक आहे एवढे पाहिले की अर्धे निदान झाले. मूठ उघडमिट करताना बसणाऱ्या धक्क्यांचे मूळ कित्येकदा पहिल्याच टप्प्यात, म्हणजे स्वस्तातल्या रबरात, सापडते.

साखळी ‘ताणली’ असे म्हणतात ते शब्दशः खरे नाही. पोलाद लांबत नाही. प्रत्येक सांध्यातील खिळा व नळी झिजतात व त्या झिजेची बेरीज लांबी म्हणून दिसते. १५.८७५ मिमी. अंतराच्या साखळीचे २० दुवे नवे असताना ३१७.५ मिमी. भरतात, ते ताणून धरल्यावर सु. ३२४ मिमी. भरू लागले, म्हणजे वाढ २ टक्क्यांवर गेली, की साखळी टाकावी. मागील चक्राच्या पाठीमागून एक दुवा बोटांनी ओढला असता दाता अर्धा उघडा पडत असेल तर मोजण्याचीही आवश्यकता नाही. झीज सर्वत्र सारखी नसल्याने ताण नेहमी चाक फिरवीत अनेक ठिकाणी पाहावा व सर्वांत घट्ट जागेला धरून जुळवावा. प्राथमिक साखळीला अशा जागी सु. ६ मिमी. चाल पुरते. जोडदुव्याच्या चिमट्याचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेला असावे. उलट बसविलेला चिमटा निघून साखळी तुटली तर ती गुंडाळली जाऊन मागील चाक अडकू शकते किंवा पेटीचे कवच फुटू शकते.

ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन यांच्या जुन्या गाड्यांत येथे एक अडचण येते. गिअरपेटी सरकवून प्राथमिक साखळी जुळविली की मागील साखळीचा ताण व क्लचच्या तारेची चाल दोन्ही बिघडतात. म्हणून प्रथम प्राथमिक साखळी, मग मागील साखळी, शेवटी तार हाच क्रम पाळावा लागतो. बुलेटची गिअरपेटी एंजिनाच्या पाठीला बोल्टांनी आवळलेली असून प्राथमिक साखळीचा ताण पेटीतील घसरपट्टीने साधला जातो, त्यामुळे ही साखळीबद्ध गैरसोय तिच्यात नाही.

गिअरपेटीतील दोषांत आवाजावरून पुष्कळ कळते. खालच्या तीन गिअरांत येणारा घरघराट चौथ्यात थांबत असेल तर उपदंड अथवा त्याचे बेअरिंग संशयास्पद. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच ओढताच थांबत असेल तर मुख्य दंडाचे बेअरिंग. क्लच ओढल्यावरच सुरू होत असेल तर ढकलदांडीची बाजू. गिअर सटकणे या तक्रारीत एकच गिअर सटकतो की सगळेच, हा पहिला प्रश्न असावा. एकच सटकत असेल तर त्याचे खुंट गोल झालेले असतात व पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नाही. सर्वच गिअर अर्धवट पडत असतील, मधेच खोटे न्यूट्रल लागत असेल, तर पायपट्टीच्या यंत्रणेची जुळवणपट्टी आधी पाहावी. ती बाहेरूनच सैल करून थोडी फिरविता येते. या पट्टीची माहिती नसल्याने उघडल्या गेलेल्या गिअरपेट्यांची संख्या थोडी नसावी.

जावा गाडीचा उल्लेख येथे केला पाहिजे. म्हैसूर येथे १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या या चेकोस्लोव्हाक धर्तीच्या गाडीत गिअरची पट्टी व किक एकच होती, आणि पायाने गिअर बदलतानाच क्लच आपोआप सुटे. हाताने क्लच ओढल्यावर गिअर सुरळीत पडतो पण नुसत्या पायाने करकरतो, असे आढळले तर दोष पट्टिकांचा नसून या जोडयंत्रणेच्या जुळणीचा समजावा.

एकसंध रचना : १९८० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याने भारतात आलेल्या १०० घ. सेंमी. गाड्यांत एंजिन, क्लच व गिअर एकाच कवचात होते आणि प्राथमिक साखळीची जागा दंतचक्रांनी घेतली होती. बुलेटनेही २००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एकसंध रचना स्वीकारली. यामुळे जुळणीची बहुतेक कामे संपली, पण चार-आघाती एंजिनांच्या गाड्यांत एक नवा दोष आला. एंजिनाचे व क्लचचे तेल एकच झाल्याने, मोटारगाड्यांसाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले तेल वापरल्यास निर्दोष क्लचही घसरू लागतो. यावर उपाय म्हणून १९९८ मध्ये जपानमध्ये मोटरसायकलींच्या तेलांची ‘जासो’ प्रमाणके ठरविण्यात आली व ओल्या क्लचसाठी ‘एमए’ हा वर्ग नेमण्यात आला. जुनी किकची परीक्षाही यांपैकी अनेक गाड्यांना लागू पडत नाही. त्यांत किक क्लचच्या बाहेरील पिंपालाच फिरविते. शक्ती पट्टिकांतून जातच नाही, आणि म्हणून क्लच पुरता घसरत असला तरी अशी गाडी किकने पहिल्याच फटक्यात सुरू होते.